नजर वाचवायची तर...

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन म्हटलं की नातेवाईकांच्या मनात पहिली भीती उभी राहते ती जिवाची. माणूस टेबलावरून उठेल ना, हातपाय चालतील ना, वाचा राहील ना, असे प्रश्न विचारले जातात. आज मी ज्या गाठींविषयी बोलणार आहे त्या बहुतेक कॅन्सरच्या नसतात. त्यांच्या ऑपरेशनमधला जिवाचा धोकाही आता पुष्कळ कमी झाला आहे. या गाठी माणसाची नजर घेतात. आणि गंमत अशी, की ही नजर जात असताना बहुतेकांना ते कळतच नाही. गेली तीसेक वर्षं मी मेंदूच्या शस्त्रक्रिया करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी 'मला दिसत नाही' अशी स्वच्छ तक्रार घेऊन आलेले फार थोडे.

आधी ती जागा समजून घेऊ. आपल्या प्रत्येक डोळ्यामागून एक नस निघते. आपण तिला नस म्हणतो, पण ती रक्तवाहिनी नव्हे. ती दहा-बारा लाख बारीक तंतूंची जुडी असते. जाडी शिसपेन्सिलीच्या निम्मी, लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. हाडाच्या एका अरुंद बोगद्यातून ती कवटीत शिरते आणि थोडं पुढे गेल्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना भेटतात. तिथे त्यांची फुली होते. प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या भागातून आलेले तंतू इथे बाजू बदलतात. डोळ्याच्या आत चित्र उलटं पडत असल्यामुळे हे बाजू बदलणारे तंतू बाहेरच्या बाजूचं दृश्य वाहून नेतात, म्हणजे उजव्या डोळ्याचे उजवीकडचं आणि डाव्या डोळ्याचे डावीकडचं. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

या फुलीच्या खाली साधारण एक सेंटिमीटरवर, कवटीच्या तळाच्या हाडात एक खळगा आहे. घोड्याच्या खोगिरासारखा तो दिसतो, म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला 'तुर्की खोगीर' असं नाव दिलं. त्या खळग्यात पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी असते. हरभऱ्याएवढी, वजन अर्धा ग्रॅमच्या आसपास. तिच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन मोठ्या धमन्या वर चढतात. वर नजर, बाजूला धमन्या आणि खाली नाकाच्या मागची पोकळी, अशी ही दाटीवाटीची जागा. इथे कुणीही वाढायला लागलं की शेजाऱ्याला त्रास होणारच.

ग्रंथीतून निघालेली गाठ वर वाढते आणि फुलीला खालून, बरोबर मध्यावर दाबते. त्यामुळे आधी बिघडतात ते बाजू बदलणारे तंतू. सुरुवातीला दोन्ही बाजूंचा वरचा कोपरा पुसट होतो, मग हळूहळू दोन्ही बाहेरच्या अर्ध्या बाजू जातात. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात, तशी अवस्था. समोरचं मात्र लख्ख दिसत राहतं. डॉक्टरांकडे भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ हा माणूस घडाघडा वाचून दाखवतो आणि 'डोळे उत्तम आहेत' असं ऐकून घरी जातो.

मग हे कळतं कसं? वेगळ्याच गोष्टींतून. भाजी बाजारात पोचवणारा एक टेम्पोचालक माझ्याकडे आला होता. सहा महिन्यांत त्याच्या गाडीचा डाव्या बाजूचा आरसा दोनदा फुटला होता. मालक म्हणाला, हा पिऊन चालवतो. तो बिचारा माळकरी. एका बाईंचं डोकं स्वयंपाकघरातल्या फळीला सतत आपटायचं, घरचे हसायचे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची तक्रार अशी, की सुईत दोरा ओवताना सुई दिसते, पण तिच्या पलीकडचं सगळं नाहीसं होतं. ही तक्रार ऐकायला विचित्र वाटते, पण ती अगदी खरी आहे. दोन्ही डोळे सुईवर रोखले की प्रत्येक डोळ्याची उरलेली आतली बाजू सुईच्या अलीकडेच एकमेकांवर येते आणि सुईमागच्या जागेवर कुठल्याच डोळ्याचं लक्ष राहत नाही. एका पतसंस्थेतल्या कारकुनाला रकान्यातले आकडे कधी दुहेरी दिसायचे, कधी मधला एखादा आकडा गायब व्हायचा. दोन डोळ्यांची चित्रं मध्यावर नीट जुळत नसली की असं होतं. त्याच्या बेरजा चुकू लागल्या आणि लोकांना त्याच्या सचोटीविषयीच शंका यायला लागली.

या चौघांपैकी तिघांनी आधी चष्म्याचा नंबर बदलून पाहिला होता, एकाने दोनदा. दुसऱ्या काही रुग्णांत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं आणि तरी नजर सुधारलेली नसते. काहींच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं पडत असतात, डोळ्याचा दाब मात्र कधीच वाढलेला सापडत नाही. मी इथे नेत्रतज्ज्ञांना दोष देत नाही. माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण एखाद्या चौकस नेत्रतज्ज्ञानेच पाठवलेले असतात. पण एक गोष्ट सर्वांनी मनात ठेवावी. चष्मा लावून, मोतीबिंदू काढूनही नजर अपेक्षेइतकी सुधारत नसेल, तर 'का?' असं विचारावं आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्यावी. तिला पेरिमेट्री किंवा नुसतं 'फील्ड' म्हणतात. वाटीसारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. एकेका डोळ्याला काही मिनिटं लागतात. एमआरआयच्या मानाने खर्च किरकोळ.

घरीही एक साधा प्रयोग करता येतो. समोरासमोर, हातभर अंतरावर दोघांनी बसावं. एक डोळा तळव्याने झाकून दुसऱ्याने समोरच्याच्या नाकाकडे बघायचं. समोरच्याने एखादी लाल वस्तू, अगदी पेनचं लाल टोपण, नाकाच्या एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला धरायचं. दोन्हीकडे लाल सारखाच लाल दिसला पाहिजे. एका बाजूला तो विटकरी किंवा धुवून निघाल्यासारखा वाटला, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवा. नसेवर दाब आला की लाल रंग लवकर फिका पडतो. या प्रयोगाने निदान होत नाही, फक्त शंका येते. पण निदानाची सुरुवात शंकेनेच होते.

दृष्टिक्षेत्राचा आलेख काढून गाठ कुठे आहे हे ओळखण्याची विद्या एमआरआयच्या कितीतरी आधीची. अमेरिकेतले हार्वे कुशिंग हे आधुनिक मेंदूशस्त्रक्रियेचे एक जनक. त्यांचं पिट्युटरीवरचं पुस्तक १९१२ सालचं. क्लिफर्ड वॉकर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी रुग्णांच्या दृष्टिक्षेत्राचे आलेख चिकाटीने काढले. त्या काळात सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. कवटीचा एक्स-रे आणि हा आलेख, एवढ्यावर कुशिंग ठरवत असत की आत काय आहे. आज आमच्या तरुण डॉक्टरांना एमआरआयच्या फिल्मवर गाठ दिसते आणि आलेख बघायचा राहून जातो, तेव्हा मी त्यांना कुशिंगची आठवण करून देतो. गाठ किती मोठी आहे हे एमआरआय सांगतो. तिने नसेचं काय केलं आहे हे मात्र आलेख सांगतो.

या कुशिंगची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पिट्युटरीची गाठ नाकातून काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९०७ साली इन्सब्रुकमध्ये हर्मन श्लोफर यांनी केलं होतं. कुशिंग यांनीही १९१० ते १९२५ या काळात नाकाच्या मार्गाने दोनशेहून जास्त ऑपरेशनं केली आणि नंतर तो मार्ग जवळजवळ सोडून दिला. कवटी उघडून वरून गेलं की नसा समोर दिसतात. नाकाच्या खोल, अंधाऱ्या भुयारात त्या काळच्या दिव्यांनी काय दिसणार? कुशिंगनीच सोडल्यावर इतरांनीही सोडला. पण त्यांच्याकडे शिकलेले एडिंबरोचे नॉर्मन डॉट हे तो मार्ग वापरत राहिले. १९५६ साली पॅरिसचे जेरार गियो ते डॉट यांच्याकडून शिकले. गियोंकडून माँट्रियलचे ज्यूल हार्डी शिकले आणि त्यांनी १९६०च्या दशकात त्यात सूक्ष्मदर्शक आणला. आज जगभर या गाठी मुख्यतः नाकातूनच निघतात. एका माणसाने हट्टाने जपलेली वाट नंतर राजरस्ता झाली. १९९०च्या दशकात दुर्बीण आली आणि अंधाराची अडचणच संपली.

ऑपरेशनकडे वळण्याआधी एक महत्त्वाची सूचना. पिट्युटरीची प्रत्येक गाठ कापायची नसते. तिच्यातला एक प्रकार प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक भरमसाट तयार करतो. बाईची पाळी थांबते, बाळ नसताना दूध येतं. पुरुषाची लैंगिक इच्छा कमी होते, पण तो कुणाला सांगत नाही, त्यामुळे पुरुषांच्या गाठी आमच्यापर्यंत येतात तेव्हा मोठ्या झालेल्या असतात. हा प्रकार बहुतेक वेळा गोळ्यांनी आटोक्यात येतो. आठवड्यातून साधारण दोनदा घ्यायच्या गोळ्या. नजर गेलेली असली तरी कित्येकदा काही दिवसांतच सुधारू लागते. म्हणून रक्तातलं प्रोलॅक्टिन तपासल्याशिवाय पिट्युटरीच्या ऑपरेशनची तारीख घेऊ नये. साधी रक्ताची तपासणी आहे, पण ती झाली का, हे विचारायला लाजू नका.

आता ऑपरेशन. नाकातून जातो तेव्हा आम्ही नसांच्या खालून जात असतो. बहुतेक पिट्युटरी गाठी मऊ असतात, साखरेच्या घट्ट पाकासारख्या. त्या आतून खरवडून, शोषून काढता येतात. त्यातही क्रम असतो. आधी तळ, मग बाजू आणि वरचा भाग सगळ्यात शेवटी. वरचा भाग आधी काढला तर गाठीवरचा पातळ पडदा फुग्यासारखा खाली उतरतो आणि कडेला काय राहिलं ते झाकून टाकतो. सगळं नीट जमलं तर नसांना हत्यार लागतच नाही. खालचा आधार निघाला की फुली आपली आपण खाली येते.

आपल्याकडे मात्र रुग्ण उशिरा येतो आणि गाठी अवाढव्य झालेल्या असतात. चार सेंटिमीटरच्या वरच्या गाठींना आम्ही 'राक्षसी' म्हणतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. अतुल गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशा ११८ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. एकाच ठिकाणच्या अशा रुग्णांची ही संख्या मोठी आहे. या राक्षसी गाठींत एक पेच असतो. अर्धीच गाठ काढून मोठा तुकडा मागे ठेवला तर उरलेल्या गाठीत रक्तस्राव होऊन ती सुजू शकते आणि जी नजर वाचवायला गेलो तीच जाते. तेव्हा इथे जास्तीत जास्त काढणं हेच सुरक्षित.

याच्या उलट गणित असतं ते मेनिंजिओमाचं. ही गाठ ग्रंथीतून येत नाही. मेंदूच्या आवरणातून, खोगिराच्या पुढच्या कडेवर ती उगवते. ती चिवट असते आणि नसांना खालून वर आणि बाजूला ढकलते. बऱ्याचदा तिचं एक बोट नसेबरोबर हाडाच्या बोगद्यात शिरलेलं असतं. त्यामुळे आधी एकाच डोळ्याची नजर जाते. दुसरा डोळा चांगला असेल तर माणसाला वर्ष वर्ष पत्ता लागत नाही. डोळा चोळताना किंवा चांगल्या डोळ्यात कचरा गेल्यावर एकदम लक्षात येतं, की अरे, दुसऱ्याने काहीच दिसत नाही.

इथे नस वाचवणं म्हणजे काय, ते जरा तपशिलात सांगतो. नस बोगद्यातून कवटीत शिरते तिथे आवरणाची एक धारदार कड असते. गाठीने नस वर ढकललेली असली की ती कड नसेत रुतून बसते. अशा वेळी गाठीला हात लावला आणि नस थोडी जरी हलली, तरी कड आणखी रुतते. म्हणून आधी ती कड कापायची, बोगद्याचं छप्पर घासून काढायचं आणि नसेला हलायला जागा करून द्यायची. हाड घासणारं यंत्र गरम होतं आणि त्या उष्णतेनेही नस भाजते. म्हणून पाण्याची धार अखंड चालू ठेवावी लागते. मग गाठ आतून पोकळ करायची. ती पोकळ झाली की तिची भिंत आतल्या बाजूला, नसेपासून दूर ओढता येते. नसेला बाजूला सारून गाठीकडे जायचं नाही, गाठीला नसेपासून दूर न्यायचं, हा पहिला धडा.

दुसरा धडा रक्तपुरवठ्याचा. नसेच्या आणि फुलीच्या खालच्या बाजूला केसासारख्या बारीक धमन्या येतात. गाठ त्यांना ताणून आपल्या अंगावर घेते, त्यामुळे त्या गाठीच्याच वाटतात. त्यातली एखादी चुकून जाळली, तर नस दिसायला अखंड राहते आणि रुग्ण जागा होतो तो आंधळा. म्हणून नसेजवळ रक्त आलं तर विजेचा चिमटा शक्य तो वापरायचा नाही. कापसाची पट्टी ठेवायची, कोमट सलाईन सोडायचं आणि थांबायचं. पाच मिनिटं, कधी दहा. बघणाऱ्याला वाटेल, हे लोक काही करत नाहीत. तेवढ्या वेळात भूलतज्ज्ञ रक्तदाब सांभाळत असतात, कारण आधीच अर्धमेल्या नसेला दाब खाली गेलेला सोसत नाही.

ऑपरेशन चालू असताना नस काम करते आहे का, हे बघायची सोय आता आहे. बंद पापण्यांवर प्रकाशाचे झोत टाकायचे आणि डोक्याच्या मागच्या भागात मेंदूचा प्रतिसाद मोजायचा. वास घेऊन दिलेल्या भुलीत हा संदेश फार क्षीण होतो, म्हणून शिरेतून द्यायची भूल लागते. उपयोगी आहे, पण माझा तिच्यावर पूर्ण भरवसा नाही. कधी संदेश उगीचच हरवतो, कधी तो शाबूत असूनही कडेची नजर कमी झालेली असते.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक नातेवाईक विचारतो. 'डॉक्टर, गाठ मुळासकट काढाल ना?'

सांगलीकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. उजव्या डोळ्याने फक्त हात हललेला कळायचा. डाव्याची नजर चार महिन्यांत निम्म्यावर आली होती. मेनिंजिओमा होता. मुलगा संगणक क्षेत्रात चांगल्या नोकरीत, सगळं वाचून आलेला. तो म्हणाला, "सर, एवढं मोठं ऑपरेशन करायचं तर एकदाच काय ते सगळं काढा. आईला पुन्हा पुन्हा हे नको." बाई गप्प होत्या. मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "राहिली थोडी तर राहू दे. मला सकाळचा पेपर स्वतः वाचता आला पाहिजे."

ऑपरेशनमध्ये गाठ उजव्या नसेवरून सुटली. डाव्या नसेच्या खालच्या बाजूला मात्र ती अशी चिकटली होती, की मधला कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर कुठे दिसेना. त्या बारीक धमन्याही तिथूनच जात होत्या. नखाच्या तुकड्याएवढा पापुद्रा मी तसाच ठेवला आणि बाहेर आलो. त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर महिन्याभरात सुधारली. उजव्याची आली नाही.

तीन महिन्यांनी एमआरआय झाला. अहवालात 'उर्वरित गाठ' असा शब्द होता. मुलगा तो कागद घेऊन आला आणि खूप चिडला. मी त्याला ऑपरेशनची चित्रफीत दाखवली, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेण्यासाठी सगळे कागद दिले. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात आमचा अपमान नसतो. पण मला त्या दिवशी जाणवलं, की 'मुळासकट' या शब्दाची आपल्या मनावर केवढी पकड आहे. गवत उपटावं तशी गाठ उपटता आली पाहिजे, असं आपल्याला वाटतं. या गाठीचं मूळ नजरेच्या अंगावर असतं, त्याला कोण काय करणार? ही गाठ वर्षाला मिलिमीटरभर वाढते, कधी वाढतही नाही. नस एकदा गेली की परत येत नाही.

सात वर्षं तो पापुद्रा तेवढाच होता. यंदाच्या एमआरआयमध्ये तो दोन मिलिमीटरने वाढलेला दिसतो आहे. आता किरणोपचारांचा विचार करावा लागेल. तिथेही नसच आडवी येते. एकाच बैठकीत किरणांचा मारा करायचा तर डोळ्याची नस साधारण आठ ते दहा ग्रेपेक्षा जास्त सोसत नाही, आणि गाठ तर तिला चिकटूनच आहे. म्हणून थोडी थोडी मात्रा, पंचवीस-तीस बैठकांत विभागून द्यावी लागेल. की अजून सहा महिने नुसतं बघायचं? बाई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. माझं मत बघण्याकडे झुकतं, मुलाचं किरणांकडे. पुढच्या महिन्यात आलेख निघेल, त्यानंतर ठरेल. पेपर त्या अजून स्वतः वाचतात.

ऑपरेशन संपलं म्हणजे काम संपलं असं नाही. पहिली रात्र फार महत्त्वाची. आमच्या सिस्टर दर तासाला रुग्णाला उठवून बोटं मोजायला लावतात, एकेक डोळा झाकून. नातेवाईक कुरकुरतात, की झोपू तरी द्या. पण शुद्धीवर आल्यावर बोटं नीट मोजणारा माणूस चार तासांनी मोजू शकला नाही, तर आत रक्त साचलं असण्याची शक्यता असते. लगेच सीटी स्कॅन करून, गरज पडली तर पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. तिथे सकाळपर्यंत वाट बघता येत नाही.

नजर परत किती येईल, हे मुख्यतः ती किती दिवस दाबलेली होती यावर ठरतं. पाण्याच्या पाइपवर पाय ठेवला की धार थांबते, काढला की सुरू होते. पिट्युटरीच्या काही रुग्णांना शुद्धीवर येताच खोली उजळल्यासारखी वाटते, ती यामुळेच. त्यानंतर काही आठवडे सुधारणा होत राहते. तंतूंवरचं झिजलेलं वेष्टन पुन्हा तयार होतं, त्याला महिने लागतात. पुढे वर्षभर थोडं थोडं मिळत जातं. पण तंतूच मेले असतील तर काही उपाय नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर या तंतूंच्या थराची जाडी आता ओसीटी नावाच्या तपासणीत मोजता येते. थर चांगला असेल तर आम्ही आशा दाखवतो. फारच पातळ झाला असेल तर आहे ते टिकवण्यासाठी ऑपरेशन करतोय, हे आधीच स्पष्ट सांगतो.

लहान मुलांविषयी दोन शब्द. मुलांत याच जागी क्रेनिओफॅरिंजिओमा नावाची एक गाठ होते. मूल कधी 'दिसत नाही' म्हणत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. ते टीव्हीच्या जवळ जवळ सरकतं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं. त्याचबरोबर उंची वाढणं थांबलं असेल, पाणी फार पीत असेल, डोकं दुखत असेल, तर नुसता चष्मा देऊन थांबू नये.

आणि एक तातडीची गोष्ट. अचानक, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या आणि त्याबरोबर अंधुक दिसू लागलं किंवा एक पापणी खाली आली, तर 'पित्त झालं' म्हणून घरी झोपून राहू नका. पिट्युटरीच्या गाठीत एकदम रक्तस्राव झाला की असं होतं. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायला हवं. नजर तर जातेच, पण ग्रंथीतली संप्रेरकं एकदम बंद पडल्यामुळे जिवालाही धोका असतो.

बरेच जण विचारतात, गाडी केव्हा चालवू? आमचा तो टेम्पोचालक चौथ्या महिन्यात विचारायला आला. त्याचा उजवीकडचा आलेख पूर्ण भरला होता, डावीकडचा वरचा कोपरा अजून काळा होता. मी नाही म्हटलं. त्याला ते आवडलं नाही. आठव्या महिन्यात तो कोपराही बराचसा उजळला, तेव्हा नेत्रतज्ज्ञांशी बोलून परवानगी दिली, ती दिवसाउजेडी चालवण्याची. तोवर त्याने मालकाच्या गाळ्यावर हिशेब लिहिले.

तेव्हा, ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी शेवटचं. पेरिमेट्रीचा प्रत्येक कागद तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा. तपासायला येताना एमआरआयची फिल्म घरी विसरली तर एकवेळ चालेल, ती रुग्णालयाच्या संगणकावर बहुधा सापडते. जुना आलेख मात्र पाहिजेच.